तांदळात लिहिलेले नाव

सरकारच्या लेखी बाळआजोबा १९४२ साली गेले आणि आमच्या घराच्या लेखी १९५४ साली. मधली बारा वर्षे त्यांची बायको, जिला आम्ही मुले काकूआजी म्हणत असू, कपाळाला कुंकू लावत होती. एका माणसाच्या मृत्यूला दोन साले कशी असतील, असा प्रश्न लहानपणी मला कधी पडला नाही; पितृपक्षात त्यांच्या नावाचे पान वाढले जाई आणि तेवढ्याने आमचे समाधान होई. शाळेतून निवृत्त झाल्यावर, २०१६ साली, मी त्यांचा शोध घ्यायला बसले तेव्हा माझ्याजवळ एक फोटो होता, एक पोस्टकार्ड होते, ‘बाळ ब्रह्मदेशात गेला’ हे घरात चालत आलेले वाक्य होते, आणि काकूआजीच्या ट्रंकेत तिच्या पेन्शनच्या कागदांचे एक पुडके होते, जे मी तोवर सोडूनही पाहिले नव्हते.

बाळआजोबा हे माझ्या आजोबांचे सर्वांत धाकटे भाऊ. शेंडेफळ म्हणून ‘बाळ’ हे नाव चिकटले आणि ते गळून पडण्याइतके आयुष्य त्यांना मिळालेच नाही. मी साठी ओलांडली आहे, ते बावीस वर्षांचेच राहिले आहेत, तरी त्यांच्याविषयी बोलताना तोंडून ‘अहो-जाहो’च निघते. पणजोबा होळकर संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते आणि इंदूरच्या रामबागेतल्या तीन खणांच्या घरात अकरा माणसे राहत होती. मॅट्रिक होऊन दीड वर्ष नोकरीसाठी हिंडल्यावर, १९४० च्या पावसाळ्यात, बाळआजोबा महूला गेले आणि फौजेत भरती होऊन परत आले. महूची छावणी इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, त्यामुळे फौज ही गोष्ट आमच्या गावाला परकी नव्हती. पण आमच्या घरातून तिथे कुणी गेले नव्हते, आणि लग्न होऊन तीन महिनेही झाले नव्हते.

त्या काळी फौजेत जाणारा प्रत्येक जण बंदूक चालवायला जात नसे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानची फौज सक्तीची भरती न करता पंचवीस लाखांच्या घरात पोहोचली, आणि एवढ्या माणसांच्या आटा-डाळीचा, पेट्रोलच्या डब्यांचा, खेचरांच्या दाण्याचा हिशेब ठेवायला लिहिता-वाचता येणारी मुले लागत होती. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर हे फौजेचे रसद खाते. बाळआजोबा तिथे हवालदार-क्लार्क झाले. ‘तो लढाईवर नव्हता, कारकुनीवर होता,’ असे घरात सांगितले जाई, आणि त्या सांगण्यात एक प्रकारची तक्रार असे, जणू कारकुनाला युद्धात काही होता कामा नये असा करार झाला होता आणि तो कुणीतरी मोडला.

पोस्टकार्ड नगरहून आलेले आहे, डिसेंबर १९४१ चे. त्याआधी दिवाळीला ते आठ दिवसांच्या रजेवर येऊन गेले होते. परत जाताना इंदूर स्टेशनवरून छोट्या लाइनीच्या गाडीने पातालपाणीचा घाट उतरून खंडव्याला गेले, एवढे आत्याला आठवते. कार्डावर प्रकृती, थंडी, पगारातून घरी पाठवायची रक्कम, आणि शेवटी ‘सर्वांस यथायोग्य’ एवढेच आहे. त्या ‘सर्वांस’मध्ये पंधरा वर्षांच्या बायकोला आपला वाटा शोधून घ्यावा लागला असणार. सैन्याच्या इतिहासात डोके घालीपर्यंत नगरचा अर्थ मला कळला नव्हता. १७ वी इंडियन डिव्हिजन १९४१ साली नगरला उभी राहिली आणि तिची तयारी झाली ती मध्यपूर्वेच्या वाळवंटासाठी. आमच्या घरात ‘बाळ आता बसऱ्याला जाणार’ असे का बोलले जात होते, ते पंचाहत्तर वर्षांनी उलगडले. त्या नगरचे नाव आज अहिल्यानगर आहे. इंदूरच्या माणसाला अहिल्यादेवींचे नाव उच्चारताना आपोआप हात जोडावेसे वाटतात. ज्या गावाहून आमच्या मुलाचे शेवटचे अक्षर आले, त्या गावाला आता त्यांचेच नाव असावे, याने मला बरे वाटते. याला तर्क नाही, पण बरे वाटते.

खरे तर माझा शोध त्याआधी कितीतरी वर्षे एकदा सुरू होऊन बंद पडला होता. कॉलेजात असताना सहलीबरोबर दिल्लीला गेले तेव्हा इंडिया गेटच्या भिंतीवरची नावे मी मान वर करून वाचत राहिले होते, कारण युद्धात गेलेल्यांची नावे तिथे आहेत असे मला सांगितलेले होते. नावे आहेत, तेरा हजारांहून अधिक आहेत, पण ती पहिल्या महायुद्धातली आणि १९१९ पर्यंतच्या सरहद्दीवरच्या व अफगाण मोहिमांतली. त्याच परिसरात २०१९ साली राष्ट्रीय समर स्मारक झाले. त्याच्या त्यागचक्रातल्या ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरली आहेत आणि ती स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची आहेत. दोन्ही ठिकाणी जे आहे ते योग्यच आहे. पण १९३९ ते १९४५ या काळात गेलेले ८७ हजारांहून अधिक सैनिक या दोन स्मारकांच्या मधल्या जागेत पडले आहेत. ते परक्या राजाच्या फौजेत होते म्हणून त्यांच्याकडे पाहताना आपला संकोच झाला, आणि संकोच करता करता आपण त्यांना विसरलो, असे माझे मत झाले आहे. महसूल कारकुनाच्या चौथ्या मुलाने नोकरी मिळत नाही म्हणून महू गाठले, त्यात राजनिष्ठा किती आणि पोटाची गरज किती, याचा हिशेब आज आपण कुठल्या तोंडाने मांडायचा?

निवृत्तीनंतर मी एका नोंदणी कार्यालयाला पत्र लिहिले. सात महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, की या वर्णनाचे कागद उपलब्ध नाहीत. मग भाच्याने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची दाखवली. ही संस्था पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांची नोंद ती ठेवते आणि आता ती नोंद घरबसल्या पाहता येते. मी आमचे आडनाव घातले. काही निघाले नाही. इंग्रजी अक्षरांत ते जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी लिहून पाहिले, तरी काही निघाले नाही. दोन महिन्यांनी लक्षात आले, की भरतीच्या वेळी लिहून घेणाऱ्याने आडनाव गाळून नुसते नाव आणि त्याला ‘राव’ जोडून काम भागवले असावे. अशा ‘राव’ जोडलेल्या नावांची रांग संपत नाही. साताऱ्याचे, रत्नागिरीचे, बेळगावचे, आंध्रातले, म्हैसूरकडचे, सगळे एकाच ओळीत उभे. रोज दुपारी जेवण झाल्यावर मी तीस-चाळीस नोंदी वाचत असे. आपला माणूस शोधायला बसावे आणि रोज चाळीस परक्या घरांतले मुलगे भेटावेत, याचा शीण शरीराला येतो. वाचताना मी वयाच्या रकान्याकडे बघायचे नाही असे ठरवले होते आणि रोज बघत होते.

तीन आठवड्यांनी ती ओळ सापडली. रसद खाते, हवालदार-क्लार्क, मृत्यूचा दिनांक २३ फेब्रुवारी १९४२, वय २२. खाली तपशिलात पणजोबांचे नाव, त्यापुढे ‘अमुकचा पती’, आणि ‘राहणार इंदूर’. पणजोबांचे नाव दिसताच माझे डोळे भरून आले; मी सुनेला हाक मारली, तिने मला पाणी दिले. ‘अमुकचा पती’ यातल्या नावावर मात्र माझी नजर नंतर गेली, आणि गेली तेव्हा मी गोंधळून गेले, कारण त्या नावाची बाई आमच्या घरात कुणी नव्हती.

ती काकूआजीच होती, हे मला दुसऱ्या दिवशी सुदामानगरात आत्याकडे जाऊन विचारावे लागले. जन्मापासून तीस वर्षे जिच्या हातचे गरम भाकरीवरचे लोणी मी खाल्ले, जिने माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडी केली, तिचे नाव मला ठाऊक नव्हते. तिला आजोबांची पिढी ‘काकू’ म्हणे, कारण मुले म्हणत म्हणून, आम्ही ‘काकूआजी’, शेजारपाजारही ‘काकू’. माहेरचे नाव दुर्गाअष्टमीला जन्मल्यामुळे काय असेल ते आम्ही ऐकून होतो. सासरचे नाव विचारावे असे कुणाच्या मनात आले नाही.

आत्या त्या लग्नात आठ वर्षांची होती. ती पलंगावर उठून बसली आणि उजव्या हाताची तर्जनी पुढे करून तिने हवेत अक्षरे काढून दाखवली. पितळी ताटात तांदूळ पसरून, त्यांवर पणजीच्या बोटातल्या अंगठीने बाळकाकांनी ते नाव लिहिले होते. लिहिताना दुसरे अक्षर बिघडले, म्हणून त्यांनी हाताने तांदूळ सारखे केले आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिले, तेव्हा सगळे हसले. नाव त्यांनी स्वतः निवडले होते, घरच्यांनी सुचवलेले नव्हते. “त्या नावाने तिला हाक मारणारा एकच माणूस होता,” आत्या म्हणाली, “तो गेल्यावर कोण मारणार?”

ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना आपल्या घरातला असा माणूस शोधायचा असेल त्यांना मात्र मी कळकळीने सांगेन, की आधी घरातल्या जुन्या बायकांची सासरची नावे कुणाला तरी विचारून कागदावर उतरवून घ्या. सैनिकाचे नाव फौजेने हवे तसे मोडले असेल. त्याच्यामागे राहिलेल्या बाईचे नाव त्याने स्वतः सांगून लिहवलेले असते.

त्या दुपारी आत्या पुष्कळ बोलली. १९४२ च्या पावसाळ्यात ‘बेपत्ता’ असे कळवणारे पत्र आले. पणजीने निर्णय दिला, की बेपत्ता म्हणजे गेला नव्हे, कुंकू पुसायचे नाही. युद्ध संपले, रंगूनहून आणि सिंगापूरहून माणसे परतू लागली, महूच्या छावणीत आजोबांनी खेटे घातले. १९४६ साली फौजेने मृत्यू गृहीत धरल्याचे पत्र आले आणि काकूआजीला पेन्शन मंजूर झाले. पणजीने निर्णय बदलला नाही. त्यामुळे असे झाले, की वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला दर महिन्याला विधवेचे पेन्शन घ्यायला जायचे आणि कपाळावर कुंकू घेऊन परत यायचे. पहिल्याच महिन्यात खिडकीवरच्या माणसाने तिच्या कपाळाकडे बघून मोठ्याने काहीतरी विचारले आणि रांगेतली माणसे वळून पाहू लागली. दुसऱ्या महिन्यापासून काकूआजी चौदा वर्षांच्या आत्याला बरोबर नेऊ लागली. कचेरीच्या पायऱ्यांपाशी ती पदराने कपाळ पुसे, आत जाई, सही करून पैसे घेई, आणि बाहेर आल्यावर भिंतीकडे तोंड करून पुन्हा आधी मेण आणि मग त्यावर कुंकू लावी. करंडा आत्याच्या परकराच्या ओच्यात असे. हे आठ वर्षे चालले. या दोघींनी ते घरात कधी सांगितले नाही, आणि आत्याने मला सांगितले तेही, तिच्या म्हणण्याप्रमाणे, मी ते नाव कुठूनतरी शोधून आणले म्हणून.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काही घरची बोलावणी येत, काही घरची येत नसत. काही बायका तिची ओटी भरताना थबकत. १९५४ साली बारा वर्षे पुरी झाली तेव्हा पणजी थकली होती. भटजींनी सांगितल्याप्रमाणे आजोबा उज्जैनला गेले आणि क्षिप्रेच्या काठी पालाशविधी केला. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. काकूआजी तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होती. त्या दिवशी तिने कुंकू पुसले ते शेवटचे, आणि आत्या म्हणते, की तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी दुःखापेक्षा थकवा जास्त होता.

आता २३ फेब्रुवारी १९४२ या तारखेविषयी. त्या दिवशी काय घडले हे युद्धाच्या इतिहासात नीट लिहिलेले आहे. १७ वी डिव्हिजन जानेवारीत ब्रह्मदेशात होती. वाळवंटासाठी तयार केलेली फौज रबराच्या बागांत आणि जंगलात लढायला उभी केली होती. ३१ जानेवारीला मौलमीन शहर जपान्यांच्या हाती गेले, मग बिलिन नदीकाठी चार दिवस झुंज झाली, आणि तिथून माघार सितांग नदीच्या दिशेने. धुळीचा रस्ता, पाण्याची टंचाई, वर विमाने. त्या विमानांपैकी काही आपल्याच बाजूची होती आणि त्यांनी चुकून आपल्याच माणसांवर मारा केला. सितांगवर एकच लोखंडी रेल्वेचा पूल होता, त्यावर मोटारींसाठी फळ्या टाकल्या होत्या. २२ तारखेच्या पहाटे एक लॉरी त्या फळ्यांवरून घसरून अडकली आणि मागची सगळी रांग तासन्‌तास खोळंबली. त्या रांगेत रसद खात्याच्या गाड्या होत्या, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि दोन दिवस उघडले नाही. २३ च्या पहाटे साडेपाचच्या सुमारास, जपानी सैन्याच्या हाती पडू नये म्हणून, डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल जॉन स्माइथ यांच्या हुकमाने पूल उडवण्यात आला. डिव्हिजनच्या दोन ब्रिगेडांतली बहुतेक माणसे तेव्हा पलीकडच्या, पूर्वेच्या काठावर होती. त्यांनी बांबूंचे, दारांचे, रिकाम्या पेट्रोलच्या डब्यांचे तराफे केले. ज्यांना येत होते ते पोहत निघाले. पायदळाची मोजदाद झाली तेव्हा साडेतीन हजारांहून थोडी कमीच माणसे हजर होती आणि त्यांतल्या १,४२० जणांजवळच रायफल उरली होती.

भाच्याने लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातून त्या दिवसांच्या युद्ध-रोजनिशांच्या पानांचे फोटो पाठवले. त्यांत अधिकाऱ्यांची नावे आहेत, बाकीच्यांचे आकडे. बाळआजोबांची ती तारीख त्या आकड्यांपैकी एकाची आहे. रंगूनच्या उत्तरेला तौक्यान इथे जे स्मारक आहे, त्याच्या खांबांवर ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही अशा सुमारे २७ हजार माणसांची नावे आहेत आणि त्यांत त्यांचे आहे. ते सर्व स्वतंत्र माणसांसाठी मेले, अशा अर्थाचे वाक्य तिथे पाच भाषांत कोरले आहे. इंग्रजी, बर्मी, उर्दू, गुरुमुखी आणि हिंदी. निदान एका भाषेतली अक्षरे तरी ती आहेत, जी त्यांनी तांदळात लिहिली होती.

हे सगळे मी आत्याला वाचून दाखवले, नदीच्या भागासकट. बाळआजोबांचे आजोळ महेश्वरचे. सुट्टीत अहिल्याघाटावरून उडी मारून ते नर्मदा पार करून परत येत, ही आमच्या घरातली आवडती गोष्ट. आत्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “नदी केवढी होती?” मी म्हटले, पूल होता तिथे अर्धा किलोमीटर. ती लगेच म्हणाली, “मग बाळकाका पोहून आला असता गं. नर्मदा काय लहान आहे?” पंचाऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडून ते शब्द आले, पण आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा होता. मी वाद घातला नाही. पोहता येणारा माणूस ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी थांबला असेल, असे माझ्या मनात आले होते. पण ते माझे मन, त्याला पुरावा नाही, म्हणून तेही बोलले नाही.

घरी आल्यावर मी काकूआजीच्या ट्रंकेतले ते पुडके सोडले. सुती नाडीने बांधलेले, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. पेन्शनची पुस्तिका, आणि तिच्यात घडी घालून ठेवलेल्या, दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यांच्या कार्बन प्रती. छापील मजकूर असा, की मी हयात आहे आणि मी पुनर्विवाह केलेला नाही. त्याखाली तिची सही. काकूआजी चौथीपर्यंत शिकली होती आणि तिचे अक्षर बाळबोध, टपोरे होते. सही पूर्ण आहे: आधी ते तांदळातले नाव, मग त्यांचे नाव, मग आडनाव.

तिने त्यांचे नाव तोंडाने कधी घेतले नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर कुणी ऐकले नाही असे आत्या सांगते; आमच्याशी बोलताना ती ‘हे’ म्हणे, नाहीतर नुसते दाराकडे बघे. आणि इकडे वर्षामागून वर्ष, एका शाईचा ठसा उमटलेल्या कागदावर, ती दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहीत होती. मी सगळ्या प्रती जमिनीवर सालवार मांडल्या. शेवटची नोव्हेंबर १९८७ ची आहे, ती जाण्याआधी चार महिन्यांची. हात थरथरत असावा. तिच्या स्वतःच्या नावाचा काना ओळीच्या खाली घसरला आहे आणि आडनाव जागा न पुरल्यामुळे कडेला चढले आहे. मधले नाव तिने एकेका अक्षरापाशी थांबून, पेन उचलून, पुन्हा टेकवून लिहिलेले दिसते.